मोजके आणि नेटके

(अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत. परंतु गरजेची वस्तूही नको तितकी साठली, की तिचीच अडचण होऊ लागते. आपल्या कपड्यांची निवड कशी करावी, ते कसे ठेवावेत आणि रोजची तयारी सोपी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या दिवशी सकाळी ‘आज कोणते कपडे घालू?’ असा प्रश्न तुम्हांला पडतो का? बहुधा पडत नाही. कारण गणवेश ठरलेला असतो. तो घालायचा, दप्तर उचलायचे आणि शाळेची वाट धरायची.

आता सुट्टीचा दिवस आठवा. मामाच्या घरी लग्न आहे. सगळे निघण्याच्या घाईत आहेत. अब्बा दारात उभे राहून हाका मारत आहेत. तुम्ही मात्र कपाटासमोर किंवा पेटीसमोर बसला आहात. एक सदरा काढला, तर त्याचे बटण तुटलेले. दुसरा काढला, तर तो आखूड झालेला. हिरवी कमीज सापडली, पण तिची ओढणी सापडत नाही. अर्ध्या तासात सगळी खोली कपड्यांनी भरते आणि शेवटी ‘माझ्याकडे घालायला एकही कपडा नाही’ असे म्हणून तुम्ही हिरमुसता!

कपड्यांचा ढीग समोर आणि घालायला कपडा नाही, हे कसे? मराठीत एक म्हण आहे : ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ पुष्कळ वस्तू जवळ असाव्यात, पण त्यांतील एकही धड नसावी, असा तिचा अर्थ. आपल्या कपाटाची गत अनेकदा अशीच असते.

हा गोंधळ तीन कारणांनी होतो. पहिले कारण असे, की निवड करायला फार गोष्टी समोर असतात. दुसरे कारण, त्यांतील बरेच कपडे घालण्याच्या स्थितीत नसतात. तिसरे कारण, प्रत्येक कपड्याची जागा ठरलेली नसते. गणवेशाच्या बाबतीत ही तीनही कारणे सहसा नसतात. म्हणून गणवेशापासून आपण पुष्कळ शिकू शकतो.

निवडीचे ओझे

समोर पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ अधिक लागतो. विल्यम हिक या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगांनी ही गोष्ट दाखवून दिली. दोन दिव्यांपैकी कोणता लागला हे ओळखायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा दहा दिव्यांपैकी कोणता लागला हे ओळखायला अधिक वेळ लागतो. कपड्यांचे तर त्याहून अवघड. तेथे ‘चांगले कोणते?’ हेही ठरवायचे असते.

अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१२ साली एका मुलाखतीत सांगितले होते, की आपण फक्त करड्या किंवा निळ्या रंगाचे सूट घालतो. काय खावे आणि काय घालावे, हे ठरवण्यात त्यांना आपली शक्ती खर्च करायची नव्हती. कारण दिवसभरात त्यांना कितीतरी मोठे निर्णय घ्यावे लागत. तुमच्या दिवसातही अभ्यास, परीक्षा, घरातील कामे अशा अनेक गोष्टी असतात. सकाळची पहिली अर्धी घटका कपड्यांशी झगडण्यात का घालवावी?

आपल्या देशात महात्मा गांधींचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी सदरा व टोपी यांचा त्याग केला आणि केवळ पंचा नेसायला सुरुवात केली. परदेशी कापड टाकून द्या, असे ते लोकांना सांगत होते. परंतु गरिबांजवळ नवी खादी घेण्याइतके पैसे नव्हते. त्यांच्याइतकेच कपडे आपणही वापरावेत, असे गांधीजींना वाटले. पुढे १९३१ साली ते लंडनला गेले आणि बकिंगहॅम राजवाड्यात बादशहा पाचवा जॉर्ज यांना भेटले, तेव्हाही त्यांचा वेष तोच होता. त्यांचा हेतू आपल्यापेक्षा फार मोठा होता. आपण सर्वांनी तसेच राहावे, असे येथे म्हणायचे नाही. परंतु माणसाचा मान त्याच्या कपड्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, एवढे तरी त्यांच्या उदाहरणावरून आपल्याला कळते.

एका कपड्यामागचे हात

कपडे मोजके ठेवावेत याला आणखीही एक कारण आहे. एक साधा सुती सदरा घ्या. विदर्भात किंवा खानदेशात शेतकरी कापूस पिकवतो. मजूर स्त्रिया उन्हात बोंडे वेचतात. मग कापसातून सरकी वेगळी होते, सूत कातले जाते, उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड विणले जाते. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी ही आपल्या राज्यातील यंत्रमागांची मोठी केंद्रे आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी यंत्रमागाचा खटखट आवाज परिचयाचा असेल. रात्रपाळी करून आलेले वडील किंवा भाईजान तुम्ही पाहिले असतील. कापड विणून झाले, की ते रंगवायचे, बेतायचे, शिवायचे. इतक्या हातांतून गेल्यावर तो सदरा तुमच्या अंगावर येतो.

पाण्याचा हिशेबही पाहा. कापूस पिकवण्यापासून कापड तयार होईपर्यंत एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. एक माणूस दिवसाला तीन लिटर पाणी पितो असे धरले, तर हे पाणी त्याला ९०० दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे पुरेल. असा कपडा दोनदा घालून पेटीच्या तळाशी टाकून देणे, हे त्या श्रमाचा आणि त्या पाण्याचा अपमान करण्यासारखेच नाही का?

आवरायला कसे लागावे?

एखादा सुट्टीचा दिवस निवडा. घरच्यांना आधी विचारा. कपडे आपले असले, तरी ते आणण्यासाठी पैसे त्यांनी खर्च केलेले असतात. शिवाय तुम्हांला आखूड झालेली कमीज अम्मीने धाकट्या बहिणीसाठी जपून ठेवलेली असू शकते. दुसऱ्याच्या कपड्यांना मात्र त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा आणि तुमचे सगळे कपडे तीवर ठेवा. दोरीवरचे, खुंटीवरचे, पलंगाखालच्या पेटीतले, सगळेच. आता त्यांचे चार ढीग करा.

पहिला ढीग नेहमीच्या वापरातील कपड्यांचा. जे अंगाला बरोबर बसतात, धड आहेत आणि तुम्हांला आवडतात, ते येथे ठेवा.

दुसरा ढीग दुरुस्तीचा. बटण तुटलेले, शिवण उसवलेली, नाडी निघालेली किंवा चेन बिघडलेली असे कपडे येथे ठेवा.

तिसरा ढीग लहान झालेल्या किंवा नको असलेल्या कपड्यांचा.

चौथा ढीग विशेष कपड्यांचा. ईदचा जोड, लग्नातला पोशाख, स्वेटर, रेनकोट इत्यादी. हे रोज लागत नाहीत. परंतु लागतात तेव्हा लागतातच.

एखादा कपडा कोणत्या ढिगात ठेवावा हे कळत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. धुऊन घडी केलेला कपडा प्रत्येक वेळी थप्पीच्या वरच ठेवा. तुम्ही जे कपडे वारंवार घालता, ते पुन्हा पुन्हा वर येतात. जे घालत नाही, ते आपोआप खाली जातात. तीन महिन्यांनी थप्पीचा तळ पाहा. तेथे जे पडून असेल, त्याची तुम्हांला गरज नाही, असे समजायला हरकत नाही.

दुसऱ्या ढिगाची कामे त्याच आठवड्यात संपवा. बटण लावणे आणि उसवलेली शिवण घालणे ही कामे मुलींनी जशी शिकावीत, तशीच मुलांनीही शिकावीत. शिंप्याची दुकाने पाहा. तेथे पुरुषच तर सुई-दोरा हातात धरून बसलेले असतात! एका लहान डब्यात सुई, पांढरा व काळा दोरा, चार-सहा बटणे आणि कात्री ठेवा. तुटलेले बटण हरवण्यापूर्वी त्याच डब्यात टाका.

किती कपडे पुरेत?

‘मोजके’ म्हणजे नक्की किती? याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असते. मात्र ते काढण्याची रीत सोपी आहे. दोन धुण्यांच्या मध्ये किती दिवस जातात आणि कपडे वाळायला किती दिवस लागतात, या दोन संख्यांची बेरीज करा. तेवढे जोड हवेत.

समजा, तुमच्या घरी दर तिसऱ्या दिवशी कपडे धुतले जातात आणि ते एका दिवसात वाळतात. मग घरी वापरण्याचे तीन अधिक एक, म्हणजे चार जोड पुरतात. पावसाळ्यात कपडे वाळायला दोन दिवस लागतात. तेव्हा पाच जोड हवेत. गणवेश रोज धुतला आणि दुसरा दिवस वाळण्यात गेला, तर गणवेशाचे दोन जोड लागतात. ज्या वस्तीत एक दिवसाआड पाणी येते, तेथे हिशेब त्याप्रमाणे करावा. ही संख्या तुमच्या आवडीनिवडीवर ठरत नाही. पाणी, ऊन आणि घरातील रीत यांवर ठरते. म्हणून शेजारच्या मुलाकडे किती कपडे आहेत, याच्याशी आपली तुलना करण्याचे कारणच उरत नाही.

कोणाकडे या हिशेबापेक्षा कमी कपडे असतील. त्यांना या पाठातील ‘कमी करा’ हा सल्ला लागू नाही. त्यांनी निगा आणि जागा याकडेच लक्ष द्यावे.

रंगांचे गणित

आता थोडे गणित करू. एका मुलीकडे सात पूर्ण जोड आहेत. प्रत्येक जोडात कमीज, सलवार आणि ओढणी. म्हणजे कपडे झाले एकवीस. परंतु एका जोडातील ओढणी दुसऱ्या जोडावर शोभत नाही. म्हणून एकवीस कपड्यांतून पोशाख होतात फक्त सात. एखादी ओढणी हरवली, की एक पूर्ण जोड निकामी!

दुसऱ्या मुलीकडे तीन कमीज, दोन सलवारी आणि दोन ओढण्या आहेत. सगळे मिळून कपडे सातच. परंतु तिने रंग असे निवडले आहेत, की कोणतीही कमीज कोणत्याही सलवारीवर आणि कोणत्याही ओढणीबरोबर चालते. तिचे पोशाख किती होतील? ३ × २ × २ = १२. कपडे तिप्पट कमी आणि पोशाख मात्र पाचने अधिक!

मुलांनाही हे गणित लागू आहे. चार शर्ट आणि दोन पँट एकमेकांना शोभणाऱ्या असतील, तर ४ × २ = ८ प्रकारे ते घालता येतात.

असे रंग कसे निवडावेत? पांढरा, काळा, गडद निळा, करडा आणि बदामी हे रंग बहुतेक सर्व रंगांबरोबर जमतात. सलवार किंवा पँट अशा रंगांची घ्यावी आणि कमीज किंवा शर्ट आपल्या आवडीच्या रंगाचा घ्यावा. वर नक्षी असेल, तर खाली साधे कापड चांगले दिसते. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, तरी पुष्कळ काम होते.

प्रत्येकाला जागा

सगळ्यांच्याच घरी प्रत्येकाला वेगळे कपाट नसते. चार भावंडांत एक कपाट असते, कधी एकच पेटी असते. हरकत नाही. एक फळी, एक खोका किंवा एक पिशवी तरी आपली ठरवून घ्या. घड्या एकाच रुंदीच्या करा. पेटीत त्या एकावर एक रचण्याऐवजी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवून पाहा. मग सगळे कपडे एका नजरेत दिसतात आणि एक काढताना बाकीचे विस्कटत नाहीत. जोडातील कमीज, सलवार व ओढणी एकाच घडीत ठेवा. मोजे धुऊन वाळले, की लगेच जोडी करून गुंडाळा.

पावसाळ्यात ओलसर कपडा कधीही घडी करून ठेवू नका. त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. ऊन पडले, की पेटी उघडून कपड्यांना वारा लागू द्या. कपड्यांत कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे.

आणि सर्वांत उपयोगी सवय म्हणजे, दुसऱ्या दिवशीचे कपडे रात्रीच काढून ठेवणे. बटणे, नाडी, डाग सगळे पाहून घ्या. रात्री सापडलेला दोष पाच मिनिटांत दूर होतो. तोच सकाळी सापडला, तर सगळ्या घराची धावपळ होते.

नको असलेल्या कपड्यांचे काय करावे?

आता तिसऱ्या ढिगाकडे वळू. अंगाला न येणारे परंतु चांगले असलेले कपडे धाकट्या भावंडांना होतील. कोणाला द्यायचे असतील, तर आधी धुवा, बटण लावा, इस्त्री करा. फाटका, मळका कपडा दुसऱ्याला देणे म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणे होय. देताना चारचौघांत देऊ नका आणि नंतर त्याची आठवणही करून देऊ नका. जो कपडा आपण स्वतः घेतला नसता, तो दुसऱ्याला देऊ नये, हा साधा नियम पाळावा.

अगदी जुने कपडेही वाया जात नाहीत. आपल्या खेड्यांत आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घालते आणि ऊबदार गोधडी तयार होते. जाड पँटची पिशवी शिवता येते. सुती कापडाची फडकी आणि पायपुसणी होतात. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण तर आपल्या आई-आजीच्या चांगल्या ओळखीची!

नवा कपडा घेताना

आवरलेले कपाट पुन्हा भरायला वेळ लागत नाही. म्हणून नवा कपडा घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याची मला खरोखर गरज आहे का? माझ्याजवळच्या किमान दोन कपड्यांबरोबर तो शोभेल का? घरी धुता येईल, असा तो आहे का? तीनही उत्तरे ‘होय’ आली, तर अवश्य घ्या. केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला कपडा बहुधा सर्वांत महाग पडतो. कारण तो घातलाच जात नाही.

याचा अर्थ सणासुदीला नवे कपडे घेऊ नयेत, असा नाही. ईदच्या दिवशी नव्या कपड्यांचा जो आनंद असतो, तो कोणी का सोडावा? मात्र ईदचा जोड असा निवडावा, की तो नंतरही भावाच्या लग्नात, शाळेच्या संमेलनात, पाहुण्यांकडे जाताना घालता येईल. एका दिवसाचा आनंद मग वर्षभर पुरतो.

पुन्हा तोच पोशाख?

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. ‘मोजके कपडे ठेवले, तर तेच ते पुन्हा घालावे लागतील. लोक काय म्हणतील?’

या भीतीचे उत्तर एका प्रयोगाने दिले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. बाहेर आल्यावर त्याला विचारले, ‘तुझ्या टी-शर्टवरचे चित्र किती जणांनी ओळखले असेल?’ असे अनेकांच्या बाबतीत केले. साधारण निम्म्या लोकांनी ओळखले असेल, असे टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले होते. सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. आपण ज्यांना घाबरतो, ते स्वतःच्याच कपड्यांच्या काळजीत असतात!

तरीही वर्गात कधी कधी कोणी म्हणतो, ‘अरे, गेल्या वेळीही तू हाच सदरा घातला होतास ना?’ म्हणणारा हसून विसरून जातो. ऐकणारा विसरत नाही. पुढच्या संमेलनाच्या दिवशी त्याचे पोट दुखते, डोके दुखते आणि तो शाळेत येत नाही. त्याने पाठ केलेली कविता कोणाला ऐकायलाच मिळत नाही. तिचे घर, तिची ऐपत किंवा तिच्या अडचणी ठाऊक नसताना एखाद्या मुलीच्या जुन्या ओढणीकडे बोट दाखवणे, हे कपडे नीटनेटके नसण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

म्हणून मित्रांनो, या पाठातील सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल. एक मात्र विसरू नका. कोणाच्याही कपड्यांवरून त्याला बोलू नका. आणि कोणी तुम्हांला बोलले, तर मान खाली घालू नका. कपडा स्वच्छ आहे, धड आहे, अंगाला बरोबर बसतो आहे, एवढे पुरे आहे. तो कितव्यांदा घातला, याची मोजदाद ठेवण्याचे कारण नाही.

येत्या रविवारी चादर अंथरा आणि कामाला लागा. सोमवारी सकाळी किती वेळ वाचतो, तो घड्याळात पाहा.

शब्दार्थ

नेटका – व्यवस्थित, सुबक
हिरमुसणे – नाराज होणे, मन खट्टू होणे
पंचा – लहान, आखूड धोतर
बोंड – कापसाचे फळ
सरकी – कापसाचे बी
थप्पी – एकावर एक रचलेल्या वस्तूंचा ढीग
कुबट – ओलसरपणामुळे येणारा वाईट (वास)
धावदोरा – हाताने घातलेली साधी सरळ शिवण
बोहारीण – जुने कपडे घेऊन भांडी देणारी स्त्री
ऐपत – खर्च करण्याची शक्ती
मोजदाद – गणती

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाळेच्या दिवशी कपड्यांची निवड का करावी लागत नाही?
(आ) गांधीजींनी पंचा नेसायला कोठे व केव्हा सुरुवात केली?
(इ) महाराष्ट्रातील यंत्रमागांची कोणती केंद्रे पाठात आली आहेत?
(ई) दुसऱ्या दिवशीचे कपडे केव्हा काढून ठेवावेत?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कपडे निवडताना गोंधळ होण्याची तीन कारणे कोणती?
(आ) थप्पीची परीक्षा कशी करावी?
(इ) दुसऱ्याला कपडे देताना कोणती काळजी घ्यावी?
(ई) कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगातून काय दिसून आले?

प्रश्न ३. कारणे लिहा.
(अ) पावसाळ्यात कपड्यांचे अधिक जोड लागतात.
(आ) केवळ स्वस्त म्हणून घेतलेला कपडा महाग पडतो.
(इ) संमेलनाच्या दिवशी एखादा विद्यार्थी शाळेत येत नाही.

प्रश्न ४. हिशेब करा व उत्तर वाक्यात लिहा.
(अ) पाच शर्ट आणि तीन पँट एकमेकांना शोभत असतील, तर त्यांचे किती पोशाख होतील?
(आ) घरात दर चौथ्या दिवशी कपडे धुतले जातात आणि ते एका दिवसात वाळतात. किती जोड पुरतील?

भाषाभ्यास

१. ‘पोशाख’, ‘रुमाल’, ‘पायजमा’, ‘अस्तर’ हे शब्द फारसीतून मराठीत आले आहेत. उर्दूतही ते आहेत. ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहरा पुसण्याचा तो रुमाल. ‘पाय’ म्हणजे पाय आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र; पायांत घालण्याचे वस्त्र तो पायजमा. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द शोधून लिहा.

२. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : वाट धरणे, हात न लावणे, बोट दाखवणे, मान खाली घालणे.

३. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीचा अर्थ सांगा. अशा अर्थाची म्हण उर्दूत असल्यास ती वर्गात सांगा.

उपक्रम

घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडे कपड्यांचे किती जोड होते, ते कोठून येत आणि जुने झाल्यावर त्यांचे काय केले जाई, हे विचारा. मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.